कंसातलं मी वाचत न्हाई

शांतवन मास्तरांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी माझा त्यांच्यावरचा राग काही पुरता गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, पण माझ्या पद्धतीनं, आणि मध्येच आवाज चढला तर चढू दे. लातूरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या माणसांत, मी कितीतरी वर्षं चिटणीस होते. शाळेत विज्ञान शिकवायचं, घरी स्वयंपाक करायचा आणि शांतवन मास्तरांनी रविवारी घालून ठेवलेला घोळ आठवडाभर निस्तरायचा, अशी माझी तीन कामं होती. पहिल्या दोन कामांनी मला कधी एवढं दमवलं नाही.

मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठी शिकवून निवृत्त झालेले. बरीचशी नोकरी शिरूर अनंतपाळच्या आसपास झालेली, त्यामुळे त्या भागातल्या प्रत्येक एस.टी. कंडक्टरचं शुद्धलेखन कधी ना कधी त्यांनी तपासलेलं होतं. अंगानं काटक, डोक्याला चप्प तेल, खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तीन प्रती: एक वडिलांची जुनी जाडजूड, एक नव्या छपाईची, एक सोप्या भाषेतली. शिवाय एक भिंग, आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. आवाज असा खणखणीत, की माइक बंद पडला तर मागच्या बाकावरच्यांना बरं वाटायचं. म्हणून उपासनेतलं शास्त्रवाचन मास्तरांकडंच, हे कुणी न ठरवता ठरलेलं होतं. सगळी गडबड तिथंच होती.

आमच्या नव्या छपाईच्या शास्त्रात काही मजकूर कंसात घातलेला आहे. त्यातल्या दोन जागा मोठ्या. एक मार्काच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या, अगदी शेवटी, जिथं मरणातून उठलेला प्रभू शिष्यांना भेटतो. दुसरी योहानाच्या शुभवर्तमानात, व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्ट. तिला दगडानं मारायला आणलेलं असतं आणि प्रभू म्हणतो की ज्यानं पाप केलेलं नाही त्यानं पहिला दगड उचलावा. दोन्ही जागी पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत टीप आहे, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा मजकूर नाही. ती टीप आमच्यापैकी कुणी पाहिलीही नव्हती. मास्तरांनी ती आधी चष्म्यातून वाचली, मग भिंगातून वाचली, आणि त्या दिवसापासून मंडळीचं सुख संपलं.

ईस्टरला पहाटे आम्ही सगळे कब्रस्तानात जमतो. आदल्या दिवशी आपापल्या माणसांच्या कबरी धुवून, चुना लावून ठेवलेल्या असतात. उजाडायच्या आधी मेणबत्त्या लागतात, आणि उजाडता उजाडता प्रभू उठल्याचं वाचन होतं. त्या वर्षी मास्तर मार्कातलं वाचत होते. बाया कबरेपाशी आल्या, धोंडा बाजूला झालेला दिसला, पांढऱ्या झग्यातल्या तरुणानं तो उठला आहे म्हणून सांगितलं. बाया थरथर कापत पळून गेल्या, आणि भीतीनं त्यांनी कुणाला काहीच सांगितलं नाही. एवढं वाचून मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि ते वडिलांच्या कबरीच्या कडेवर जाऊन बसले.

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. माझ्या शेजारी सुंदराबाई उभ्या होत्या, मंडळीतल्या जुन्या विधवा बाई. त्या माझ्या कानाशी लागल्या, "बाई, मास्तरच्या छातीत दुखायलंय की काय?"

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, तरुण होते, नवीन आलेले. ते हळूच म्हणाले, "मास्तर, पुढचं?"

"पुढचं कंसात हाय," मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले. "कंसातलं मी वाचत न्हाई."

"अहो, पण आज ईस्टर आहे. प्रभू भेटायला नको का?"

"उठलाय की. त्या तरुणानं सांगितलंय. पर मार्कानं भेट लिहिलेली न्हाई. मार्काच्या हातचं तितं संपतंय. पुढचं कुनीतरी मागून जोडलंय. दुसऱ्याच्या हातचं मी मार्काच्या नावावर कसं वाचू?"

पेटीवाला बिचारा सूर धरून बसला होता. बाया पळून गेल्यावर कुठलं गीत म्हणायचं ते त्याला सुचेना. शेवटी कुणीतरी भलतंच ख्रिस्तजन्माचं गीत काढलं आणि आम्ही प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवशी गोठ्याचं वर्णन गात घरी आलो.

दानिएल कारभारी त्या दिवशी नुसते पेटले होते. दानिएल आमच्या पंचांपैकी एक, डाळमिलमध्ये मुकादम. सवयीनं चर्चमध्येही मुकादमीच करत. म्हणाले, "देवाचं वचन काय कांदा हाय का, सोलत बसायला? आख्खं शास्त्र ईश्वरप्रेरित हाय, पयल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. कंस छापखान्यानं घातलेत. आन् ज्याला ते मान्य न्हाई त्यानं वाचनाला उभं ऱ्हाऊ नये." आठवडाभर दोन घरांच्या मध्ये माझ्या चपला झिजल्या. शेवटी तोड काढली, की ईस्टरला इथून पुढं मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वाचायचं. मत्तयाच्या शेवटाला कंस नव्हता, ही देवाची कृपा. चर्चमधली पोरं मात्र त्या दिवसापासून मास्तरांना मागून कंसमामा म्हणायला लागली, आणि मास्तरांना ते कळल्यावर त्यांनी पोरांना गोळा करून कंसाचे प्रकार शिकवले.

बरं, हे वेड शास्त्रापुरतं असतं तरी चाललं असतं. मास्तरांना प्रत्येक गोष्टीचं मूळ लागायचं. नांदेडची गाडी नऊला आहे म्हटलं की, "कोन म्हनलं? कंडक्टर म्हनला का चहावाला?" मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर कुणी सकाळी सूर्योदयाचं चित्र टाकून खाली वचन लिहिलं, की दुसऱ्या मिनिटाला मास्तरांचा प्रश्न: संदर्भ? आणि तिसऱ्या मिनिटाला: हे शास्त्रात कुठेही नाही. बऱ्याचदा ते खरंच कुठे नसायचं. त्यांच्या बायकोला, रिबेका काकूंना, जेवताना वरणात हिंग लागला की ते ऐकवायचे, "आईच्या करण्यात हिंग नव्हता. हे तू मागून घातलंस." काकू म्हणायच्या, "हाव, घातलं. आन् गेली चाळीस वर्सं तुमी तेच वरपायलाव."

त्यांच्या घराला लागून शिवलिंगअप्पांचं करडईच्या तेलाचं दुकान होतं. अप्पा लिंगायत, कपाळाला विभूती, गल्ल्यामागं शिवाची तसबीर. संध्याकाळी मास्तर त्यांच्या दुकानातल्या बाकड्यावर शेंगदाणे खात बसायचे, आणि दोघांचं हेच चालायचं. मी एकदा तेल घ्यायला गेले तेव्हा अप्पा सांगत होते, "मास्तर, आमच्या वचनांत बी मागून घुसवलेली लई हायती. माझा बाप म्हनायचा, आंबा गोड लागतोय तर खा, कोय कुठल्या गावची ते कामून इचारतो."

"गोड लागतंय म्हनूनच इचारावं लागतंय, अप्पा," मास्तर म्हणाले. "कडू कोन घुसवंल?"

अप्पांनी माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. मीही लावला. आमचं दोघांचं त्या एका बाबतीत एकमत होतं.

आता न्यायानं बोलायचं तर एक प्रसंग सांगायलाच हवा. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यात दुखवट्याला म्हणून पाळकसाहेबांच्या जीपमधून आम्ही गेलो होतो, मी आणि मास्तरही. गावात शिरतो तर कळलं की आमच्याच मंडळीतल्या याकोबला दुपारी रानात साप चावलाय. घरात गर्दी. याकोब बाजेवर, पाय टम्म सुजलेला, पापण्या मिटायला लागलेल्या. बाजेभोवती पाच-सहा जण गात होते आणि मधोमध एक फिरता प्रचारक, पायघोळ सदरा घातलेला, हात वर करून प्रार्थना करत होता. याकोबची बायको दाराशी रडत होती. दवाखान्यात न्या म्हणाली तर प्रचारकानं तिला अविश्वासी ठरवलं होतं.

मास्तर आत गेले. "कुठल्या वचनाच्या आधारावर थांबवलंय याला?"

प्रचारकानं सांगितलं, की विश्वास ठेवणारे साप उचलून घेतील आणि त्यांना काही बाधणार नाही, असं प्रभूनं म्हटलंय, मार्काच्या शेवटच्या अध्यायात.

"ते कंसात हाय," मास्तर म्हणाले. "गाडी काढा."

"मास्तर, विश्वास ठेवा."

"मार्कावर हाय माझा विश्वास. मार्क तितं न्हाई."

प्रचारक दार अडवून उभा राहिला. मग मास्तरांनी जे केलं ते फक्त मास्तरच करू शकत होते. त्यांनी पिशवीतून नव्या छपाईची प्रत काढली, ते पान उघडलं, भिंग त्या माणसाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "खालची टीप वाचा. मोठ्यानं वाचा." तो बिचारा खरोखरच वाचायला लागला. पान उजेडात धरायला म्हणून मास्तरांनी त्याला दारातून बाजूला अंगणात घेतलं, आणि तेवढ्यात आम्ही बाज उचलून याकोबला जीपमध्ये घातलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत याकोबचं डोकं मास्तरांच्या मांडीवर होतं, आणि त्याला झोप लागू नये म्हणून वाटभर ते त्याला जुन्या हस्तलिखितांबद्दल सांगत होते. सापाच्या विषातून तो वाचला ते डॉक्टरांमुळे. मास्तरांच्या व्याख्यानातून वाचला ती त्याची स्वतःची ताकद म्हणायची.

त्या दिवशी मी ठरवलं, की कंसावरून मास्तरांना पुन्हा कधी टोकायचं नाही. ते माझं ठरवणं मार्थाच्या प्रकरणापर्यंत टिकलं.

मार्था म्हणजे त्याच सुंदराबाईंची एकुलती लेक. नांदेडला दिलेली. नवऱ्याचं आणि तिचं पटलं नाही, आणि एक दिवस ती घर सोडून अर्धापूरला केळीच्या ट्रकवरच्या एका ड्रायव्हरकडं राहायला गेली. लग्न नाही, काही नाही. काही वर्षांनी तोही गेला त्याच्या गावी, त्याच्या बायकामुलांत. मार्था परत आईकडं आली आणि डाळमिलमध्ये डाळ निवडायच्या कामाला लागली. आमच्याकडं अशा माणसाला शिस्तीखाली ठेवतात. म्हणजे चर्चमध्ये यायचं, पण मागच्या बाकावर बसायचं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं तेव्हा पुढं जायचं नाही. सगळे उठून वेदीपुढच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात, भाकर आणि द्राक्षारस घेतात, आणि शिस्तीखालचं माणूस बाकावर मान खाली घालून बसून राहतं. मार्था वर्षभर अशी बसली. एक रविवार चुकवला नाही तिनं. मग तिनं परत घ्या म्हणून अर्ज केला.

सुंदराबाईंचं हृदय तोवर पार थकलं होतं. चार पावलं चालल्या की दम लागायचा. त्या मला म्हणाल्या, "बाई, मला दुसरं काय बी नगं. एकडाव पोरीच्या बाजूला गुडघं टेकून भाकर घिऊ द्या. मंग नेऊ दे देवाला."

निर्णय पाच पंचांचा. दोघे घ्या म्हणत होते. दानिएल आणि आणखी एक जण नको म्हणत होते, दुसऱ्या पोरींना वळण लागणार नाही म्हणून. राहिले पाचवे पंच, शांतवन मास्तर. पाळकसाहेबांना मत नव्हतं, पण बोलायचा हक्क होता. ते तयारीनं आले होते. त्यांनी योहानातली ती दगडांची गोष्ट वाचली आणि म्हणाले, "प्रभूनं जिला दोषी ठरवलं नाही, तिला आपण कोण ठरवणार?" मला वाटलं, झालं काम.

दानिएल गालातल्या गालात हसले. "पाळकसायेब, ते कंसातलं हाय. मूळचं न्हाई. आमच्या मास्तरांनीच शिकवलंय आमास्नी."

ज्या माणसानं ईस्टरला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं प्रेरित म्हणून घसा फोडला होता, तो हा. टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या डोक्यात घालावा असं मला मनापासून वाटलं. सगळे मास्तरांकडं बघायला लागले. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की असेना का कंसात, मी मानतो. एका वाक्याचं काम होतं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "दानिएल बरोबर म्हनतोय. त्या गोष्टीवर निकाल देता येत न्हाई."

"मग तुमचं मत काय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पोरीला घ्यावं. पर आधार दुसरा पायजे. पक्का पायजे. मला येळ द्या."

पहिला रविवार आला आणि गेला. मार्था मागच्या बाकावर, सुंदराबाई कठड्यापाशी एकट्या. मास्तरांचा अभ्यास चालू होता. दुसऱ्या महिन्याचा पहिला रविवारही तसाच गेला, तेव्हा मात्र मी तडक त्यांच्या घरी गेले. पलंगभर तिन्ही प्रती पसरलेल्या, मास्तर भिंग घेऊन ओणवे. रिबेका काकूंनी चहा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "मी बी सांगून थकले, बाई. बगा तुमचं काय ऐकतेत का."

"मास्तर," मी म्हणाले, "आधी मत द्या, कारण मागून द्या. सुंदराबाईंना आता बसल्या जागी दम लागतो."

"कारन न देता आत घेतलं तर ती दया झाली, बाई. दया कुनाला बी मागं घेता येते. उद्या दानिएल मिलमधी, नळावर, लग्नात म्हनंल, ही कंसातल्या गोष्टीवर आत आली. जल्मभर ती कंसातच ऱ्हाईल. मला तिला असं आत आनायचंय की कुनाला बाहेर काढता येऊ नये."

"आणि तोवर?"

"तोवर जरा थांबंल ती."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि याचाच मला जास्त संताप आला. चुकीच्या माणसाशी भांडता येतं. हे गृहस्थ बरोबर असायचे, आणि तरी त्यांच्यामुळे आपल्याला चहा कडू लागायचा. बाहेर येऊन मी मार्थाला फोन केला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मास्तरला म्हनावं, सावकास वाचा. पर बाई, माझ्या आईला सावकास म्हनून कोन सांगंल?"

पुढच्या बैठकीला मास्तर आले. दोन तास बोलले. लूकाच्या शुभवर्तमानातली ती पापी बाई, जिनं परुश्याच्या, म्हणजे एका कर्मठ धर्मपंडिताच्या, घरी रडून रडून प्रभूचे पाय भिजवले. घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाला परत येताना लांबूनच बघून धावत सुटलेला बाप. पापी समजल्या जाणाऱ्या जकातदारांच्या पंगतीला बसल्याबद्दल प्रभूला लागलेली बोलणी. एकेक उतारा तीन तीन प्रतींतून. दानिएल प्रत्येक वेळी विचारायचे, "हे कंसात न्हाई ना?" आणि मास्तर भिंग पुढं करायचे, "घे, बग." कंस कुठेच नव्हता. शेवटी दानिएलांकडं नाही म्हणायला काही उरलं नाही. पाचही मतं मार्थाच्या बाजूनं पडली. येत्या रविवारी भोजन होतं. मी त्याच पावली जाऊन सुंदराबाईंना सांगितलं. त्यांनी पेटीतलं पांढरं लुगडं काढून ठेवायला लावलं.

गुरुवारी सकाळी सुंदराबाई गेल्या. तेच लुगडं त्यांना नेसवलं.

कब्रस्तानात मास्तर माती द्यायलाही पुढं आले नाहीत. कुंपणाच्या भिंतीशी लिंबाखाली उभे होते. पाळकसाहेबांनी वाचनासाठी खूण केली, तर त्यांनी नुसती मान हलवली. परतताना फाटकात ते मला सामोरे आले. मी म्हणाले, "तुमचा आधार सापडला, मास्तर. म्हातारी मात्र थांबली नाही." मी बोलले त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

पुढचं मला मार्थानं सांगितलं. शुक्रवारी संध्याकाळी मास्तर तिच्या घरी गेले. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उंबऱ्यावरच टेकले. विचारलं, "तुझ्या आईला शास्त्रातलं काय ऐकायला आवडायचं?" मार्था म्हणाली, "ती बाईची गोष्ट. दगडांची. रोज वाचून घ्यायची माझ्याकडून." मास्तरांनी पिशवीतून वडिलांची प्रत काढली आणि ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती.

वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "मास्तर, हे देवाचं हाय का न्हाई?"

"मूळचं न्हाई, हे मी अजून बी म्हनतो. जुन्या काळी नक्कल करनारांना बी ते ठावं होतं. कुनी गाळलं, कुनी बाजूला खूण केली, कुनी हितून उचलून दुसरीकडं ठिवलं. पर एकडाव हातात आल्यावर लई जनांच्यानं ते टाकवलं न्हाई. आज माझ्यानं बी टाकवत न्हाई."

"म्हंजे प्रेरित हाय?"

"ते मला ठावं न्हाई, पोरी."

मास्तरांनी 'ठाऊक नाही' म्हटलं, यावर माझा विश्वास बसेना. मी मार्थाला दोनदा विचारून खात्री केली.

रविवारी चर्च भरलं होतं. वेदीवर भाकर आणि पेला, वर पांढरं कापड. पाळकसाहेब मार्थाचं नाव घेऊन तिला पुढं बोलावणार, एवढ्यात मास्तर पहिल्या बाकावरून उठले आणि चालत मागं गेले. मागच्या बाकावर मार्थाच्या शेजारी थोडं अंतर ठेवून बसले.

"मास्तर?" पाळकसाहेब म्हणाले.

"या पोरीला माझ्यामुळं दोन भोजनं बाहेर बसावं लागलं. तिच्या आईला बी तिच्याबिगर घ्यावं लागलं. पंचानं कुनाला अडखळन केलं तर त्याला बी शिस्त लागू हाय. दोन भोजनं मी हितं बसतो. चालू द्या."

चालू द्या म्हणे. सगळी मंडळी माना वळवून मागं बघत होती. भोजनाच्या दिवशी आम्ही उपाशी येतो, लहान मुलं कुरकुरायला लागली होती. दानिएलसुद्धा वैतागून म्हणाले, "मास्तर, आता बस करा की." पाळकसाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी काय करणार होते? ज्या माणसाला तीन दिवसांपूर्वी मीच फाटकात सुनावलं होतं, तो आता शिक्षा घ्यायला बसला होता, आणि शिक्षा घेतानाही त्यानं सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं.

मार्था उठली. पुढं जाईल असं वाटलं, पण ती मास्तरांसमोर थांबली.

"मास्तर, उठा."

"माझी दोन भोजनं हायत. तू जा."

ती गेली नाही. पदर सावरून परत बसली.

"तू कामून बसलीस?"

"तुमी उठस्तवर."

"अगं, तुला घेतलंय आत. पाच मतं पडलीत. पक्का आधार हाय."

"असू द्या."

"आन् तू न्हाई गेलीस तर परत माझ्यामुळंच बाहेर ऱ्हायलीस की."

"हाव."

एवढ्या वर्षांत मास्तरांना असं कोंडीत सापडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा पाळकसाहेबांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाले, "मी उठायचं, तर कारन काय?"

"कारन न्हाई," मार्था म्हणाली. "उठा."

ते उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. मधल्या वाटेनं येताना पुटपुटत होते, की हे कशातच बसत न्हाई. मार्था त्यांच्या मागून येत होती.

त्यानंतर आठवड्याभरात मास्तर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नांदेडला लेकीकडं गेले, काकूही गेल्या. ऑपरेशन झालं, पण मग बाकीची दुखणी निघाली आणि ते परत लातूरला आलेच नाहीत. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी कठड्यापाशी. मार्थानं आईच्या नेहमीच्या जागेशेजारी गुडघे टेकले. मास्तरांनी तिच्या डाव्या बाजूला टेकले, पण अगदी शेजारी नाही, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मागून दानिएल आले. जागा रिकामी आहे असं समजून ते तिथं वाकायला लागले, तर मास्तरांनी डोळे मिटलेलेच ठेवून हात आडवा धरला. दानिएलांना काही कळेना. मी त्यांना खांद्याला धरून पलीकडं नेलं, आणि सगळ्या रांगेला एकेक जागा सरकावं लागलं.